पालकाच्या जागी सही

६ फेब्रुवारी

नात झाली. आज सकाळी. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि थेट माझ्यापाशी आल्या. वजन थोडं कमी आहे, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवू, पण काळजीचं कारण नाही, हे सगळं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. जावई शेजारीच उभे होते, त्यांनाही ऐकू गेलंच.

माऊला भेटले. हे घरातलं नाव, लग्न झालं तरी सुटलेलं नाही. थकली होती, पण तोंडभर हसत होती. "आई, तिचे कान अगदी याच्यासारखे आहेत," म्हणाली. म्हणजे जावयांसारखे. मी बघितलं तर खरंच तसेच. चपटे, डोक्याला चिकटलेले.

हे असते तर आज पेढे वाटत सुटले असते. मी एकटीने चहा घेतला आणि बाकावर बसून हे लिहितेय.

७ फेब्रुवारी

बाळाला अंगावर पाजायला आणून देतात. माऊला पहिल्यांदा जमेना, कुठल्याच बाईला पहिल्यांदा जमत नाही. सिस्टरने तिच्या हातातून बाळ उचललं, फिरवलं, परत ठेवलं. तोंडाने एक शब्द नाही. माऊ दचकली. मग सिस्टरने विचारलं, "आधी दूध कधी घेतलं?" मी सांगितलं. "लघवी?" तेही सांगितलं. तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलाय, असल्या नोंदी माझ्या तोंडावर असतात.

सिस्टर गेल्यावर माऊ म्हणाली, "आई, त्या मला विचारत होत्या."

"अगं, पण मी बरोबरच सांगितलं."

"हो, बरोबर सांगितलंस," म्हणाली आणि कूस बदलली. बाळंतीण आहे, चिडचिड व्हायचीच.

९ फेब्रुवारी

आज हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची मुलगी भेटायला आली होती. फार गोड बोलणारी. मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेली, खुर्ची दिली, "आजी, तुम्ही थकला असाल" म्हणाली. तिला सगळी हकिकत हवी होती. मीही सांगितली. माऊची नजर चौथ्या वर्षी तापात गेली. जावयांना जन्मापासून उजेड-अंधार एवढंच कळतं. ती रेडिओवर काम करते, लोकांची बोलणी कापून-जोडून कार्यक्रम तयार करते. ते खेळाडूंच्या क्लबात मालीश-व्यायामाचे डॉक्टर आहेत. दोघं आपलं आपण कमावतात, स्वयंपाक करतात, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहतात.

"पण बाळाचं? घरात दिसणारं कोण आहे?"

"मी आहे ना," मी म्हटलं. "आंघोळ, दूध, औषधं, सगळं मीच बघणार. त्या दोघांना काय जमतंय? बाळ मांडीवर दिलं की झालं त्यांचं."

तिला बरं वाटलेलं दिसलं. भराभर लिहून घेतलं. हल्लीच्या पोरी चांगलं काम करतात.

१२ फेब्रुवारी

काय लिहू?

माऊला घरी सोडलं. बाळाला नाही. बाळ पेटीतून बाहेर आलंय, दूध पितंय, वजन वाढतंय, डॉक्टरीणबाई म्हणतात घरी न्यायला हरकत नाही. पण दोन्ही पालक आंधळे असल्यामुळे बाल-संरक्षण समितीची मंजुरी लागेल म्हणे. समिती बसेपर्यंत बाळ हॉस्पिटलात. आईला भेटीच्या वेळेत यायची मुभा.

मुभा. तिच्याच पोटची पोर.

माऊ रडली नाही. कॉटवर बसून विचारत राहिली, "कोणी ठरवलं? त्यांचं नाव काय? मला सोडून बाकी कोणाकोणाशी बोललात?" माझ्याशी बोलले होते हे मी मध्येच सांगणार होते, पण ती वेळ नव्हती. जावई तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता.

रिक्षात बाळाची दुपटी माझ्या मांडीवर होती.

१३ फेब्रुवारी

वकीलबाई येऊन गेल्या. माऊच्या ओळखीच्या आहेत, अपंगांच्या हक्कांसाठी भांडतात. स्वतः व्हीलचेअरवर असतात. लिफ्ट बंद होती म्हणून सगळी बैठक खाली, जिन्यापाशी. माऊ पायरीवर, जावई कठड्याला टेकून, मी मोडक्या स्टुलावर. येणारे-जाणारे आमच्यामधून वाट काढत होते.

वकीलबाईंचं बोलणं टोकदार आहे. "बाळाला काही इजा झाली का? हयगय झाली का? झालं काहीच नाही. म्हणजे यांनी अडवलंय ते तुमच्या डोळ्यांमुळे, वागण्यामुळे नाही. आपण एवढंच धरून बसायचं."

मी म्हटलं, "वकीलबाई, धरून बसण्यापेक्षा जरा नमतं घेतलं तर बाळ लवकर नाही का येणार?"

"येईल की काकू," त्या म्हणाल्या. "कुठल्या अटीवर येईल, ते आधी बघू या."

जाताना मला म्हणाल्या, "समितीसमोर तुम्हालाही बोलावतील. विचारतील तेवढंच बोला." मला. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले आहे मी.

१५ फेब्रुवारी

माऊ दूध काढून बाटलीत भरते, आम्ही नेऊन देतो. भेटीची वेळ संपली की सिस्टर घड्याळाकडे बघतात, माऊला घड्याळ दिसत नाही म्हणून मग जरा मोठ्याने खाकरतात.

घरी मी स्वस्थ बसणारी नाही. स्वयंपाकघर लावून टाकलं, मसाल्यांचे डबे एका रांगेत, बाळाची औषधं वरच्या फळीवर. संध्याकाळी जावयांनी साखर समजून मीठ घातलेला चहा प्यायला दिला. माऊने सगळे डबे परत जागच्या जागी ठेवले आणि औषधं खालच्या कप्प्यात. बाळाच्या औषधाच्या पिचकारीच्या दांड्याला तिने सुरीने एक खाच पाडून ठेवली आहे, नखाला लागली की कळतं किती घ्यायचं. हे मला आजवर माहीत नव्हतं. कधी केलं कोण जाणे, पोटात बाळ असतानाच केलेलं दिसतं.

१८ फेब्रुवारी

आज समिती बसली. सगळं लिहून काढते.

लांब टेबल. मध्ये अध्यक्षबाई, केस पिकलेले, आवाज शांत. एका बाजूला म्हातारे बालरोगतज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला ती समाजसेवा विभागाची मुलगी. टेबलावर एक बाहुली. प्लास्टिकची, बाळाएवढी, लंगोट बांधलेली.

पहिल्यांदा ती मुलगीच बोलली. म्हणाली, "पालकांना बाळाचं काही जमत नाही, असं घरच्यांचंच म्हणणं आहे. आजींनी मला स्वतः सांगितलं की त्यांना फक्त बाळ मांडीवर घेता येतं."

मी तसं म्हटलं होतं? म्हटलं होतं. पण तसं नव्हतं म्हटलं. माऊने मान माझ्या दिशेला वळवली. बोलली काही नाही. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या की पालकांनी बाहुलीला लंगोट बदलून आणि आंघोळ घालून दाखवावी, म्हणजे समितीची खात्री पटेल. जावई लगेच उठले. "दाखवतो. आत्ता दाखवतो." माऊने त्यांची बाही धरली.

"नको."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे. करून टाकू आणि बाळाला घेऊन जाऊ."

"मलाही न्यायचंय," माऊ म्हणाली. आवाज फाटला होता. "पण वॉर्डात माझ्या शेजारी होती तिने बाहुलीवर करून दाखवलं का? तिला तर बाळ धरताही येत नव्हतं, सिस्टरने शिकवलं आणि घरी पाठवलं. मलाही शिकवा. परीक्षा का घेताय?"

बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"माझं बाळ तुमच्याकडे आहे," माऊ म्हणाली. "दुसऱ्या कशाच्या भरात बोलू?"

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं. एक मार्ग आहे म्हणाल्या. आजींनी पालक म्हणून सही करावी, जबाबदारी घ्यावी, तर बाळ आजच घरी जाईल.

आजच. मी पर्समधून चष्मा काढला सुद्धा.

"आई, नको ना," माऊ म्हणाली. अगदी हळू.

मी थांबले. पुढची तारीख दिली. बाळ तिथेच.

१९ फेब्रुवारी

मी माऊशी बोलत नाहीये. की ती माझ्याशी, कळत नाही.

काल सही केली असती तर आज बाळ पाळण्यात असतं. तत्त्वं कुठे पळून जाणार होती? सकाळी जावयांनाही म्हटलं. ते खालमानेने भाजी चिरत होते. म्हणाले, "आई, मलाही काल तसंच वाटत होतं. रागही आला तिचा." मग थोड्या वेळाने, "पण ती चुकत नाहीये, हेच तर अवघड आहे."

दुपारी माऊ माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, त्या सहीचा अर्थ माहितीये तुला? कागदावर तिची पालक तू होणार. शाळेत घालायचं, तुझी परवानगी. ऑपरेशन करायचं, तुझी परवानगी. मी तिच्या घरात राहणारी एक बाई."

"मी काय तुला नाही म्हणणार आहे का?"

"तू नाही म्हणणार. पण तू सत्तरीची आहेस. तुझ्यानंतर कोण? तेव्हा पुन्हा समिती बसेल. आणि पोरगी तेव्हा सगळं समजण्याएवढी असेल."

मी म्हटलं, "मी त्या मुलीला जे बोलले ते..."

"माहितीये," ती म्हणाली. "तू लहानपणापासून माझ्याबद्दल असंच बोलतेस. प्रेमाने बोलतेस."

ती उठून दूध काढायला गेली. प्रेमाने बोलते, म्हणाली. मग मला एवढं का लागावं ते समजत नाही.

२१ फेब्रुवारी

ती समाजसेवा विभागाची मुलगी आज मला हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर गाठून बोलली. माऊ आणि जावई वर बाळापाशी होते.

"आजी, तुम्ही समजूतदार आहात. उद्या एकट्याच येऊन सही करून टाका. तुमच्या मुलीला नंतर पटेल. आणि तुम्हाला वाटलं तर बाळ तुमच्याच घरी ठेवा, त्या दोघांना भेटायला येता येईल. आम्ही तशी व्यवस्था करून देऊ."

विचार करून सांगते म्हटलं.

इथे खोटं लिहून काय फायदा? क्षणभर मला ते सगळं दिसलं. माझं घर, पुढच्या खोलीत पाळणा, सकाळचं ऊन, तेल लावून न्हाऊ घातलेली पोर. मोठी सुरेख दिसली. माऊ दाराशी चपला काढतेय. पाहुणी.

तिथून पुढे मला काही बघवेना. ती मुलगी वाईट नाही. तिला बाळाचं भलंच करायचंय. मलाही तेच करायचं होतं, म्हणून तर मला तिचं बोलणं पटत आलं. याचीच जास्त भीती वाटली.

वर गेले. जावई बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होते, हाताची थाप इतकी मोजून-मापून की सिस्टर काम सोडून बघत होती. मी आत गेले नाही. दारातच उभी राहिले.

२२ फेब्रुवारी

कालचं माऊला सांगितलं. सगळं, पाळण्यासकट.

ती म्हणाली, "मग तू काय करणार?"

"मला अजून ठरवता येत नाहीये."

"बरं," म्हणाली. समजूत घातली नाही, गळ घातली नाही. मला वाटत होतं घालेल.

२५ फेब्रुवारी

पुन्हा समिती. या वेळी बाहुली नव्हती.

वकीलबाईंनी त्या मुलीला विचारलं, बाळाला या आईबापांकडून कधी इजा झाली? नाही. भेटीला कधी आले नाहीत असं झालं? नाही. दूध? रोज येतं. "मग बाळ इथे कुठल्या कारणाने आहे?" ती मुलगी म्हणाली, "काळजीपोटी." वकीलबाई म्हणाल्या, "काळजी मलाही आहे. पण काळजीपोटी कोणाचं मूल ठेवून घेता येत नाही."

मग माझी पाळी. अध्यक्षबाईंनी विचारलं, "आजी, मागच्या वेळी तुमच्या बोलण्याचा उल्लेख झाला होता. ते तुम्ही म्हणाला होतात?"

मी उभी राहिले. पाठ करून आणलेलं सगळं उडालं.

"म्हटलं होतं. ती बढाई होती, बाई. नातीचं सगळं मीच करावं असं मला फार वाटत होतं, म्हणून म्हटलं. त्यांना जमत नाही हे मी कुठे बघितलं नव्हतं. माझी लेक चौथ्या वर्षापासून सगळं शिकत आलीये आणि मी तेव्हापासून तिच्या आधी हात पुढे करत आलेय. ती सवय आहे माझी. तिच्यावर पुरावा म्हणून धरू नका."

"मग तुम्ही पालक म्हणून सही करायला तयार आहात?"

"नाही."

माऊचा श्वास मला ऐकू आला.

"आजी, सही झाली नाही तर बाळ आज घरी जाईलच असं मी सांगू शकत नाही."

"ते खरं आहे. पण मग ते तुम्ही ठेवून घेतलंत म्हणून इथे राहील. आजीने सही केली नाही म्हणून राहिलं असं कुठे लिहू नका. त्या पोरीला आई आहे. बाप आहे. त्या जागेवर मी बसणार नाही."

मी बसले. जावयांनी पाण्याची बाटली पुढे केली.

अध्यक्षबाईंनी बालरोगतज्ज्ञांना विचारलं, बाळाला ठेवण्याचं काही वैद्यकीय कारण? त्यांनी चष्मा पुसला. "तसं काही नाही. मागच्या आठवड्यापासूनच नाही."

मग त्या माऊकडे वळल्या. इतक्या दिवसांत त्यांनी थेट तिलाच विचारलेला हा पहिला प्रश्न. "बाळाला ताप आला तर तुम्हाला कसं कळेल?"

"हात लावून. मग बोलणारा थर्मामीटर आहे. मग डॉक्टर." माऊ थांबली. "पण बाई, हे तुम्ही सगळ्यांना विचारता का?"

"नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "विचारत नाही."

त्यांनी बाकीच्या दोघांशी हलक्या आवाजात बोलून घेतलं. बाळ आईबापांच्या ताब्यात द्यावं. पालकांच्या जागी त्या दोघांच्याच सह्या. तपासणीला परिचारिका येईल, पण सगळ्याच कमी वजनाच्या बाळांकडे येते तेवढीच. वकीलबाईंनी ते 'तेवढीच' दोनदा वाचून दाखवायला लावलं.

सहीची ओळ कळावी म्हणून माऊच्या बोटाखाली पट्टी धरायला माझा हात आपोआप पुढे गेला. मी तो मांडीखाली दाबून बसले. तिने जावयांना विचारलं, त्यांनी वकीलबाईंना, त्यांनी पट्टी धरली.

२६ फेब्रुवारी

बाळ घरी आलंय. माऊने आंघोळ घातली. मी बाहेरच्या खोलीत बसून वर्तमानपत्र वाचलं. म्हणजे धरलं.

पोर दणकून रडली, मग थांबली. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज. कशाला हसले ते मला कोणी सांगितलं नाही.

६ मार्च

आज माऊ म्हणाली, "आई, तू आता घरी जा. तुझी झाडं वाळली असतील."

"झाडांना शेजारीण पाणी घालतेय."

"तरी जा. आम्हाला आमची सवय लागू दे. तू असलीस की तू करतेस, आणि आम्ही करू देतो."

मी बॅग भरली. रागात भरली, त्यामुळे दोन साड्या राहून गेल्या. निघताना जावयांनी पोर माझ्या हातात दिली. "हिला सांगा, पुढच्या महिन्यात येते म्हणून." मी सांगितलं. पोर जांभई देऊन झोपली.

२९ मार्च

सकाळी माऊचा फोन. परवा बाळाला ताप आला होता, डॉक्टरांकडे नेऊन आणलं, आता उतरलाय, मजेत आहे.

"परवा? आणि आज सांगतेस?"

"परवा गडबडीत होतो. आणि तू लगेच गाडीत बसली असतीस."

बसले असते. फोन ठेवल्यावर दिवसभर तोंड फुगवून बसले. शेजारीण म्हणाली, काय झालं? म्हटलं, नातीला ताप आला आणि लेकीने मला विचारलं सुद्धा नाही. शेजारीण म्हणाली, "मग उतरला ना?" उतरला. संध्याकाळी भूक चांगली लागली.

१४ एप्रिल

माऊकडे आलेय. पाहुणी म्हणूनच. आल्या आल्या कळलं की हॉस्पिटलने भरतीच्या फॉर्मवरचा 'घरात डोळस प्रौढ व्यक्ती कोण' हा प्रश्नच काढून टाकला. ते लेखी हातात येईपर्यंत वकीलबाई स्वस्थ बसल्या नाहीत. समितीनेही ठरवलंय की नुसतं अपंगत्व आहे म्हणून कोणाचं बाळ अडवायचं नाही.

हेच सगळ्यांना सांगायला आज वाचनालयाच्या सभागृहात बैठक होती. मला वाटलं दहा-बारा माणसं असतील. आत जाते तो खुर्च्या कमी पडलेल्या. पांढऱ्या काठ्या, कुबड्या, एका कोपऱ्यात हातवाऱ्यांनी बोलणारं एक बहिरं जोडपं, बाई दिवस गेलेली. ती हॉस्पिटलची गोड बोलणारी मुलगीही मागे उभी होती, वही घेऊन. मला बघून जरा ओशाळली. मी तिला शेजारची खुर्ची दिली. ती बसली नाही, पण गेलीही नाही.

माऊ बोलायला उभी राहिली. मध्येच पोर रडायला लागली. जावयांनी थोपटून बघितलं, गुणगुणून बघितलं, शेवटी उठून तिच्याकडे नेली. माऊ माईकमध्येच म्हणाली, "हिची वेळ झाली, पाच मिनिटं थांबा." खुर्ची ओढली, पदर घेतला आणि पाजायला लागली. सभागृहभर माणसं थांबली. कोणी खाकरलं नाही. पोट भरलं तशी पोर गप्प झाली आणि माऊने जिथे सोडलं होतं तिथून वाक्य पुढे चालू केलं.

माझ्या दुसऱ्या बाजूला एक बाई होत्या, नव्यानेच आलेल्या. वाकून म्हणाल्या, "बाळ कुणाचं हो?"

"त्या बोलतायत ना, त्यांचं."

"आणि तुम्ही?"

"मी ऐकायला आलेय," मी म्हटलं, आणि खुर्ची थोडी पुढे घेतली.